साताऱ्याची चढण, सांगलीचा घाट आणि पायांतील गोळा

सातारा शहराची ओळख प्रवाशास आधीं डोळ्यांनीं होते आणि मग पोटऱ्यांनीं. दक्षिणेस अजिंक्यताऱ्याचा कडा, पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर, पूर्वेस माहुलीपाशीं कृष्णा-वेण्णांचा संगम, आणि या सर्वांच्या मध्यें उतरणीवर वसलेलें हें गांव पाहून मन प्रसन्न होतें. परंतु पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पायीं जाण्याचा प्रसंग आला म्हणजे सपाट मुलखांतील पाहुण्यास येथील रस्त्यांचा स्वभाव कळूं लागतो. सातारकरांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. पहांटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन यावयाचें, हा येथील कित्येकांचा नित्यक्रम आहे. साठी उलटलेलीं जोडपीं, शाळकरी मुलें, पोलीस-भरतीची तयारी करणारे तरुण व तरुणी, अशी सर्व प्रकारचीं माणसें त्या वाटेवर भेटतात. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारें एक हजार मीटर उंच आहे, व गांवापासूनची चढण अडीचशें ते तीनशें मीटरांची भरते. न्याहारीपूर्वीं एवढें चढून उतरणें हा व्यायाम लहान नव्हे.

अशा या चढणाऱ्या-उतरणाऱ्या गांवांत एक क्षुल्लक दिसणारें दुखणें सर्वांच्या परिचयाचें आहे. चालतांना, धांवतांना, किंवा रात्रीं झोपेंत कूस बदलतांना पोटरी एकाएकीं दगडासारखी घट्ट होते, पाऊल खालीं वांकतें, आणि माणूस जागच्या जागीं खिळतो. कोणी यास गोळा म्हणतात, कोणी पेटका, कोणी वांब. चरकसंहितेंत वाताचे म्हणून जे ऐंशीं विकार गणले आहेत, त्यांत हा पिण्डिकोद्वेष्टन या नांवानें आढळतो. पिण्डिका म्हणजे पोटरी, आणि उद्वेष्टन म्हणजे पीळ पडून आवळलें जाणें. ज्यानें हें नांव ठेविलें त्यास तो पीळ स्वतः भोगावा लागला असावा, इतकें तें चपखल आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही आठ दिवस सातारा व सांगली या जिल्ह्यांत काढले, त्यास निमित्त हा गोळाच झाला. आमच्या कुटुंबांत त्या वर्षीं त्यानें तीन ठिकाणीं ठाणें दिलें होतें. धाकट्या बंधूंचे चिरंजीव साताऱ्यास नोकरीस आहेत. त्यांनीं डोंगरावर धांवण्याचा सराव मांडला होता, व उतरणीवर दोन वेळां त्यांचा पाय आखडून त्यांस रस्त्याच्या कडेस बसावें लागलें होतें. आमच्या वडील भगिनी आक्का, वय पंचाहत्तर, यांची झोप पहांटेच्या गोळ्यानें मोडत असे. आणि सांगलीस दिलेल्या आमच्या कन्येनें विचारलें होतें, “अण्णा, तुमचा नातू कृष्णेंत पोहायला जातों म्हणून हट्ट धरून बसला आहे. पाठवूं का? भर पाण्यांत पायाला गोळा आला तर काय करायचें?” पहिल्या दोन गोष्टी कष्टाच्या होत्या, तिसरी जिवाची होती. तिचें उत्तर घरीं बसून देणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

साताऱ्यांतील पहिल्याच सकाळीं पुतण्यानें आम्हांस यवतेश्वराच्या घाटांत नेलें. हा रस्ता पुढें कासच्या पठारास जातो. पश्चिम घाटाच्या ज्या भागांस युनेस्कोनें २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हें पठार आहे. त्याच सालीं या रस्त्यावर साताऱ्याची डोंगरी अर्ध-मॅरेथॉन सुरू झाली. शहरांतून निघून घाट चढावयाचा व फिरून खालीं यावयाचें, असें एकंदर एकवीस किलोमीटरांचें हें धांवणें आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत ही शर्यत भरते व तिच्यासाठीं दूरदूरचे लोक साताऱ्यास येतात. आम्ही गेलों तेव्हां शर्यतीची गडबड सरली होती, रानफुलेंही संपलीं होतीं, आणि डोंगरावरचें गवत पिंवळें पडलें होतें. तरी सकाळच्या थंडींत आठदहा धांवणारे आम्हांस भेटलेच.

एका वळणावर बसलों असतां पुतण्यानें कमरेची पिशवी उघडली. तींत मिठाच्या गोळ्या, मॅग्नेशियमच्या गोळ्या, एक केळें आणि पाण्याची बाटली निघाली. “काका, मीठ कमी पडत असणार असें सगळे म्हणतात. म्हणून हा सगळा सरंजाम,” असें तो म्हणाला. आम्हीं त्याची सरावाची वही मागून घेतली. वह्या तपासण्यांत आमचा जन्म गेला आहे, व विद्यार्थी तोंडानें जें सांगत नाहीं तें त्याची वही सांगते, हा आमचा अनुभव आहे. वहींत असें दिसलें कीं, सपाट रस्त्यावर तो कित्येक आठवडे दहाबारा किलोमीटर धांवत होता. घाटांत मात्र मोजून तीनदां गेला होता, आणि त्यांपैकीं दोनदां पाय आखडला होता. दोन्ही दिवशीं त्यानें पूर्वींपेक्षां लांबचा पल्ला घेतला होता, आरंभ नेहमींहून जलद केला होता, व गोळा आला तो अखेरच्या तिसऱ्या हिश्श्यांत. त्या दोन दिवसांतील एक दिवस पावसाचा व गार होता. घामाचें नांव नव्हतें. मग मीठ गेलें कोठें?

मिठाची ही समजूत निराधार मात्र नाहीं. इंग्लंडांतील खोल व उष्ण कोळशाच्या खाणींत मजूर घामानें निथळत व वर साधें पाणी भरपूर पीत. त्यांस हातापायांत व पोटांत भयंकर पेटके येत. १९२३ सालीं तेथील संशोधकांनीं दाखविलें कीं, घामावाटे गेलेलें मीठ भरून न काढतां नुसतें पाणी पिणें हें त्याचें कारण आहे. पाण्यांत थोडें मीठ घातल्यानें त्यांस उतार पडे. भट्ट्यांपुढें काम करणाऱ्या लोखंडाच्या कारखान्यांतील मजुरांतही हाच प्रकार आढळला. तेव्हां वैशाखांत ऊंस तोडणारा, किंवा दोनतीन तास उन्हांत धांवून ज्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटतात असा मनुष्य, यानें पाण्याबरोबर मीठ घेणें योग्यच आहे.

परंतु सर्व गोळ्यांचें मूळ तेथें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील श्वेलनस व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं असें मत मांडलें कीं, व्यायामांतील गोळ्याचें मुख्य कारण स्नायूंचा थकवा व त्यामुळें बिघडलेली मज्जातंतूंची व्यवस्था हें असावें. पुढें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत त्यांनीं पोहणें, सायकल व धांवणें अशी तिहेरी दीर्घ शर्यत करणारे २१० स्पर्धक तपासले. गोळा आलेल्यांच्या व न आलेल्यांच्या शरीरांतील पाण्यांत व रक्तांतील मिठांत असा फरक आढळला नाहीं, कीं ज्यावरून एकास गोळा यावा व दुसऱ्यास येऊं नये. फरक आढळला तो दोन गोष्टींत: गोळा येणारे अधिक वेगानें धांवले होते, व त्यांस पूर्वींही गोळे येत असत. या विषयावरील वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि दोन्ही कारणें एकाच पायांत एकत्र नांदूं शकतात. पण पुतण्याच्या वहीनें कौल दिला तो या दुसऱ्या पक्षास.

याची घडण समजून घेण्यासारखी आहे. स्नायूच्या आंत ताणाची वर्दी देणारे बारीक तंतू असतात. त्यांची वर्दी मज्जारज्जूकडे जाऊन ‘आवळ’ अशी आज्ञा सुटते. स्नायू जेथें कंडरेस मिळतो तेथें दुसरे पहारेकरी असतात. ते ‘पुरे, सैल सोड’ म्हणून सांगतात. या दोहोंच्या समतोलावर आपलें प्रत्येक पाऊल पडतें. स्नायू थकला म्हणजे पहिल्यांचा गलका वाढतो व दुसऱ्यांचा आवाज क्षीण होतो. त्यांतून स्नायू आधींच आखूड स्थितींत असेल, तर कंडरेवर ताण नसल्यानें दुसरे पहारेकरी जवळजवळ मुकेच असतात, आणि मग आवळण्याची आज्ञा सुटते ती थांबत नाहीं. चढतांना टांच पुरती टेकत नाहीं, भार चवड्यावर राहतो, व पोटरी आखूड राहूनच राबते. उतरतांना मांडीचा पुढचा स्नायू गाडीच्या ब्रेकाप्रमाणें काम करतो, म्हणजे लांबत असतांनाच त्यास आवळावें लागतें. या कामाची संवय नसलेला स्नायू फार लवकर थकतो. सपाट रस्त्यावर मिळविलेलें बळ यवतेश्वराच्या घाटांत पुरें पडत नाहीं, तें यामुळें.

यावरून गोळा आल्यावर काय करावें हेंही उघड होतें. थांबावें, गुडघा सरळ करावा, पायाचीं बोटें हातानें नडगीकडे ओढावीं, व पोटरी सैल पडेपर्यंत तशींच धरून ठेवावीं. ओढतांना हिसका देऊं नये. कंडरेवर ताण बसतांच मुके पहारेकरी बोलूं लागतात. मग हलक्या हातानें चोळावें, चारदोन मिनिटें चालावें, आणि त्या दिवसापुरता वेग सोडून द्यावा. पिशवींतील केळें खावें तें भूक भागविण्यासाठीं. त्यांतील पोटॅशियम रक्तांत पोंचण्यास वेळ लागतो व पोंचतें तेंही थोडें. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वृद्धांच्या गोळ्यांवर म्हणण्यासारखा उपयोग होत नाहीं, असा २०२० सालच्या एका मोठ्या शास्त्रीय समालोचनाचा निष्कर्ष आहे. लोणच्याच्या खाराची गोष्ट मात्र मौजेची आहे. अमेरिकेंत २०१० सालीं एका प्रयोगांत विजेच्या साहाय्यानें पायाच्या स्नायूंत मुद्दाम गोळा आणून कांहींस काकडीच्या लोणच्याचें आंबट-खारट पाणी दिलें व कांहींस साधें पाणी दिलें. खार प्यालेल्यांचा गोळा सुमारें दीड मिनिटांत, म्हणजे इतरांहून लवकर, सुटला. एवढ्या वेळांत खार रक्तांत उतरणें शक्य नाहीं. तेव्हां घशाला बसलेल्या आंबट झणक्यानेंच मज्जारज्जूची आज्ञा मोडली असावी, असें संशोधकांनीं अनुमान केलें. आमच्या घरच्या तेलांतील कैरीच्या लोणच्यास हें प्रमाणपत्र लागू करण्याची घाई वाचकांनीं करूं नये.

साताऱ्याहून आम्ही औंधास गेलों. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें तेथील संग्रहालय १९३८ सालचें, चित्रकार-राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं उभारलेलें. त्याच सालीं त्यांचें सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनास प्रसिद्ध झालें. त्यांनीं स्वतः नमस्कार घातले, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींकडून घालून घेतले, आणि या व्यायामास देशाबाहेर नांव मिळवून दिलें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, तर त्याच संस्थानांतील आटपाडी, कुंडल व किर्लोस्करवाडी हीं गांवें सांगली जिल्ह्यांत आहेत. म्हणजे आमच्या प्रवासाचे दोन्ही जिल्हे या राजानें नमस्कारांच्या एकाच सूत्रांत ओवले होते म्हणावयाचे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें नमस्कारांत मर्म आहे तें असें. ज्या स्थितींत कंबर वर उचलून टांचा भुईस टेकविण्याचा यत्न करावयाचा असतो, तींत पोटरी पुऱ्या लांबीनें ताणली जाते व त्याच वेळीं शरीराचा भारही सोसते. व्यायामाच्या ऐन आधीं चार वेळां पाय ताणल्यानें गोळा टळतोच असें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु रोज नेमानें लांबी व बळ या दोहोंची मशागत केलेला स्नायू उशिरां थकतो, आणि उशिरां थकणें हाच गोळ्यावरचा खरा पहारा आहे.

या ठिकाणीं सुश्रुत व वाग्भट यांच्या एका नियमाचा उल्लेख करणें अवश्य आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, असें ते सांगतात. आणि अर्धी शक्ति खर्च झाली हें ओळखावें कसें, तर श्वास तोंडावाटे येऊं लागणें, मुख कोरडें पडणें, कपाळावर व काखेंत घाम येणें, अशीं लक्षणेंही देतात. आजचे कित्येक तरुण यास भ्याडपणाचा उपदेश समजतात. पण शक्ति ही स्थिर वस्तु नव्हे. रोज अर्धी खर्चिल्यानें ती वाढते, आणि मग पुढील महिन्याची अर्धी ही मागील महिन्याच्या सबंध शक्तीएवढी होऊं शकते. गोळा येतो तो बहुधा अशा दिवशीं, जेव्हां आपण कालच्या शिलकीवर उद्यांचा खर्च मांडतों.

या नियमाचें मोठें उदाहरण दर वर्षीं आषाढाच्या तोंडावर याच जिल्ह्यांतून चालत जातें. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते, व लोणंद, तरडगांव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढें सोलापूर जिल्ह्यांत शिरते. आळंदी ते पंढरपूर हें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर आहे, आणि तें चालणाऱ्यांत साठी-सत्तरीचे लोक हजारोंनीं असतात. गोळे त्यांसही येतात. संध्याकाळीं तंबूंतंबूंतून पाय चोळण्याचा कार्यक्रम चालतो. पण इतकें अंतर त्यांस निभतें तें वाटेचे लहान टप्पे, ठरलेले विसांवे आणि भजनाच्या ठेक्यावर बांधलेली चाल यांमुळें. पहिल्या दिवशीं कोणी धांवत नाहीं.

औंधाहून कऱ्हाडास आलों. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सायंकाळ घालविली. जवळच गोळेश्वर हें खाशाबा जाधव यांचें गांव. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतास ऑलिंपिकांतील पहिलें वैयक्तिक पदक त्यांनीं दिलें. याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरीपर्यंत पोंचल्या व तींत दहाव्या आल्या. दुष्काळी मुलखांतील मुलीनें पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या घेत जगांतील पहिल्या दहांत बसावें, ही गोष्ट आमच्या नातींस आम्हीं मुद्दाम सांगितली.

कऱ्हाडचें स्टेशन ओगलेवाडीस आहे. तेथून आगगाडीनें किर्लोस्करवाडी, भिलवडी करीत सांगलीस उतरलों. हा मुलूख तालमींचा. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारे हिंदकेसरी मारुती माने हे सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. एका तालमींत सकाळचा जोर पाहावयास आम्ही गेलों. तांबड्या मातींत तेल, ताक, लिंबू व हळद मिसळलेली असते. तिचा वास दारांतच येतो. नवीन आलेल्या पोराच्या जोर-बैठका वस्ताद स्वतः मोजीत होते, आणि पोराची हौस संपण्याच्या आधींच त्यांनीं त्यास थांबविलें. “आज दम आहे म्हणून दोनशें मारील, आणि उद्यां मांडी धरून बसेल. आठवड्याला थोड्या थोड्या वाढवायच्या, मास्तर,” असें ते आम्हांस म्हणाले. वस्तादांनीं सुश्रुत वाचला असण्याचा संभव थोडा. पण नियम तोच होता. मेहनत संपल्यावर एकमेकांचे पाय रगडणें, ताक पिणें व स्वस्थ पडणें हाही तेथें व्यायामाचाच भाग समजतात.

दुसऱ्या दिवशीं कन्येस व नातवास घेऊन आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलों. गणपतीच्या देवळाच्या बाजूनें घाटावर उतरलें म्हणजे १९२९ सालीं बांधलेला आयर्विन पूल दृष्टीस पडतो. पावसाळ्यांत याच पुलापाशीं पाण्याची पातळी पाहून सांगलीकर आपला जीव मुठींत धरतात. २००५ व २०१९ सालचे महापूर पाहिलेल्यांस कृष्णामाईचें दुसरें रूप सांगावें लागत नाहीं. मार्गशीर्षांत मात्र ती संथ होती, आणि पहांटेचे नेहमींचे पोहणारे पैलतीर गांठून परत येत होते.

पोहणाऱ्याच्या पायास गोळा कां येतो, याचें उत्तर यवतेश्वराच्या घाटांत मिळालेंच होतें. पोहतांना पाऊल मागें ताणलेलें व बोटें टोंकदार केलेलीं असतात. म्हणजे पोटरी आखूड, कंडरा सैल, आणि पाय सारखे मारल्यानें थकवा. डोंगर व नदी हीं इतकीं निराळीं, पण पायाच्या दृष्टीनें स्थिति एकच. फरक एवढाच कीं घाटांत मनुष्य दगडावर बसूं शकतो, नदींत त्यास बसावयास जागा नसते. पाण्यांत माणूस बुडतो तो गोळ्यानें क्वचितच. गोळ्यानें घाबरून तो हातपाय झाडतो, पाणी तोंडांत जातें, आणि दम संपतो. एका वृद्ध पोहणाऱ्यानें आमच्या नातवास कमरेइतक्या पाण्यांत उभें करून सांगितलें, “बाळ, गोळा आला कीं पहिलें काम पायाकडे बघायचें नाहीं. उताणें व्हायचें, श्वास भरायचा, आणि नाक आभाळाकडे करून तरंगायचें. हांक मारायची. मग गुडघा पोटाकडे घेऊन हातानें बोटें ओढायचीं. सुटला गोळा, तरी तो पाय मारायचा नाहीं. हातांनीं काठाला यायचें.” मग त्यानें तें चार वेळां करवून घेतलें, आधीं उथळ पाण्यांत, नंतर स्वतः शेजारीं राहून गळाभर पाण्यांत. नातवाच्या पाठीस डबा बांधलेला होताच.

कन्येच्या प्रश्नास आम्हीं तेथेंच उत्तर दिलें. मुलास पाठवावें, परंतु पुढील अटींवर. उताणें तरंगतां येईपर्यंत खोल पाण्यांत पाऊल नाहीं. एकट्यानें नाहीं, व पावसाळ्यांत मुळींच नाहीं. पोहण्याचें अंतर काठाला समांतर वाढवावें, पैलतीराकडे नव्हे, म्हणजे दमला तर काठ हातांत असतो. दिवसभर खेळून पाय थकले असतील त्या दिवशीं पाण्यांत उतरूं नये. “आणि आजोबा, गोळा आलाच नाहीं तर?” असें चिरंजीवांनीं विचारलें. तरीही दर आठवड्यास उताणें तरंगून दाखवावयाचें, असें आम्हीं ठरवून टाकलें. जें घाबरलेल्या वेळीं करावयाचें, तें न घाबरलेल्या वेळीं अनेकदां केलेलें असावें लागतें.

आतां घरच्या मंडळींसाठीं थोडें. घरांत कोणी धांवण्याचा, डोंगर चढण्याचा किंवा लांब चालण्याचा व्यायाम आरंभिला असेल, तर त्यानें पल्ला, वेग व चढण या तिहींपैकीं एका वेळीं एकच गोष्ट थोडी वाढवावी. ज्या प्रकारच्या वाटेवर परीक्षा द्यावयाची, तशाच वाटेवर अभ्यास करावा. उतरण असेल तर उतरणीचाही करावा. पायरीच्या कांठावर चवडे टेकून टांचा हळूहळू खालीं नेणें व पुन्हा वर उचलणें, हें आठवड्यांतून तीनचार दिवस केल्यास पोटरी सशक्त होते. आरंभ सावकाश असावा. नवे बूट शर्यतीच्या दिवशीं प्रथम घालूं नयेत. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. तहान नसतां लोटाभर लोटाभर ढोसणें हें धोक्याचें आहे. २००२ सालच्या बोस्टन येथील मॅरेथॉनमध्यें तपासलेल्या ४८८ धांवणाऱ्यांपैकीं शेंकडा तेरांच्या रक्तांत सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलें आढळलें, व त्याचें एक मोठें कारण अतिरिक्त पाणी पिणें हें होतें. अशा स्थितींत क्वचित् प्राणही जातो. तास-दीड तासाहून अधिक घाम गाळावयाचा असेल तर मीठ घातलेलें ताक, कोकमाचें किंवा लिंबाचें सरबत आपल्या स्वयंपाकघरांत असतेंच. जलसंजीवनी घरीं करावयाची तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा लहान चमचे साखर व सपाट अर्धा लहान चमचा मीठ, हें प्रमाण नीट सांभाळावें. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदय यांचा विकार असलेल्या वडील मंडळींनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून मीठ वाढवूं नये.

आक्कांच्या रात्रीच्या गोळ्यासंबंधीं एवढेंच. हॉलंडमध्यें २०१२ सालीं पंचावन्न वर्षांवरील लोकांवर केलेल्या एका प्रयोगांत, निजण्यापूर्वीं रोज पोटऱ्या व मांड्यांचे मागचे स्नायू ताणणाऱ्यांचे रात्रीचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले. आक्का आतां रामरक्षा झाल्यावर भिंतीस हात टेकून, टांचा जमिनीवर ठेवून, पुढें झुकतात. पांघरूण पायांवर घट्ट खोंचीत नाहींत. आणि पादाभ्यंग त्यांच्या माहेरापासूनचें आहे तें सोडीत नाहींत. क्विनीनच्या गोळ्या पूर्वीं या दुखण्यावर देत. त्यांपासून रक्ताचे व हृदयाचे गंभीर विकार होऊं शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें तसा वापर न करण्याची ताकीद दिली आहे, हें जुन्या औषधांची पेटी जपणाऱ्या घरांनीं ध्यानांत ठेवावें.

शेवटीं, प्रत्येक पोटरीचें दुखणें गोळा नसतें. एकच पाय सुजला, तापला व दुखत राहिला. ठराविक अंतर चाललें कीं दरवेळीं पोटरी दुखते व थांबलें कीं राहते. कोलेस्टेरॉलचें औषध सुरू केल्यावर सर्वांगाचे स्नायू दुखूं लागले. किंवा अति श्रमानंतर लघवी काळपट झाली. तर तेल चोळीत बसूं नये, डॉक्टर गांठावा. पहिल्या प्रकारांत शिरेंत रक्ताची गुठळी असूं शकते व तेथें चोळणें अपायकारक होय.

पुतण्यानें पुढील शर्यतीसाठीं नवी वही घातली आहे. तींत त्यानें दर आठवड्यास घाटाची एक खेप धरली आहे, पहिली खेप अर्ध्या वाटेपर्यंतच. मिठाच्या गोळ्या पिशवींत आहेत. उन्हाळ्यांत त्यांचा उपयोग पडेल.